सुकी साखर

"घरी चहा कोन मांडते?"

लाकडी स्टुलावर ती बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायची, पेशंट बसला की त्याच्या जखमेकडे न पाहता तोंडाकडे पाहायची आणि हे विचारायची. चिकटलेली पट्टी, पू, रक्त, सगळं नंतर. म्हातारा असो, पोलीस असो की नवी नवरी, आधी घरी चहा कोण मांडतं ते सांगा.

तिला सगळे ड्रेसरबाई म्हणत. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात, कातडीच्या डॉक्टरांच्या खोलीमागे पट्ट्या बदलायची एक अरुंद खोली होती, ती तिची. पांढरी साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चपला. तिचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. तिनं माझं कुणाला सांगितलं नाही, मग मी तिचं कशाला सांगू?

परवा माझी नात नागपूरला जाऊन मनगटावरचं फुलपाखरू लेसरनं काढून आली. चार बैठका झाल्या म्हणे. "आजी, फार दुखलं गं. दाबायला हातात रबरी चेंडू दिला होता त्यांनी." मी म्हटलं, आमच्या वेळी चेंडू नव्हता, बाई होती. नातीला वाटलं, आजी नेहमीसारखं काहीतरी बोलून गेली. म्हणून हे लिहायला बसले.

तर माझ्या हातावर काय होतं ते सांगते. हसा खुशाल, मीही हसते. सोळाव्या वर्षी जत्रेत एक माणूस बॅटरीच्या मशीननं गोंदून देत होता. मैत्रिणींनी फूल काढून घेतलं, एकीनं विंचू काढला. मी डावा हात पुढे केला आणि एका सिनेनटाचं नाव गोंदवून घेतलं. तीन अक्षरं, बोटभर उंच, मनगटापासून कोपराकडे चढत गेलेली. त्याचा मी एकच सिनेमा पाहिला होता, तोही टुरिंग टॉकीजच्या पडद्याच्या मागल्या अंगानं, फुकटात. त्यामुळे तो डावखुरा आहे असं मी बरेच दिवस समजत होते.

घोटाळा असा, की त्या नटाचं नाव गल्लीगल्लीत सापडायचं. आमच्या गावातच त्या नावाचे चौघं होते, त्यातला एक पोस्टमन. हातावर ते नाव पाहून नट आठवेल असा एकही माणूस मला भेटला नाही. सगळ्यांना पोस्टमन आठवायचा.

एकोणिसाव्या वर्षी माझं साक्षगंध झालं. मुलगा कारंज्याचा, घाडग्याच्या कारंज्याचा, घरी संत्र्याचा बगीचा. त्याचं नाव अर्थातच दुसरं. साक्षगंधाला मी मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घातलं आणि थंडी वाजते म्हणून सांगितलं. लग्न वैशाखात होतं. वैशाखात थंडी कुठून आणणार? नवऱ्या मुलाच्या घरच्यांनी हात पाहिला असता तर वऱ्हाड दारातून परत गेलं असतं, आणि नटाचं नाव आहे हो, असं माझ्या वडिलांनी कुणाकुणाला समजावून सांगितलं असतं?

वर्ध्याला माझी मावशी राहायची. शिवणक्लासच्या नावाखाली आईनं मला तिच्याकडे पाठवलं. सत्तरच्या दशकाचा शेवट होता तो, लेसर हा शब्दही आम्ही ऐकला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, सुई देऊन जागा बधिर करायची आणि ओल्या गॉजवर मीठ घेऊन वरची कातडी घासून काढायची. तीन आठवड्यांनी एक अक्षर, आणि मधल्या काळात दर चौथ्या दिवशी पट्टी बदलायला ड्रेसरबाईकडे. घासतानाही हात धरायला तीच. मी मावशीला म्हटलं, मला काय कैरीचं लोणचं समजतात का हे लोक.

पहिल्या दिवशी स्टुलावर बसले. टकटक झाली. चहाचा प्रश्न झाला. घाबरलेली होते म्हणून मी उलट विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"मी कारंज्याची. घाडग्याचं."

सुई टोचायच्या आधीच माझा हात बधिर झाला. तेवढ्यात दारावरून झाडूवाला गेला, "जय भीम, बाई," म्हणाला. "जय भीम," ती म्हणाली आणि केटलीतून कपात चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. "पे. रिकाम्या पोटी भोवय येते."

मी म्हटलं, "आज माझा उपास आहे."

संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं. मावशीनं लसूण सोलता सोलता दोन गोष्टी बजावल्या. "कारंज्याची हाय ना, मंग तिच्या कानात काही टाकू नको. आन् तिथं चहा-पानी घेऊ नको." पहिल्या गोष्टीचं कारण तिनं सविस्तर सांगितलं. दुसरीचं सांगितलं नाही, आणि मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात ते पाळण्यातच शिकवलेलं असायचं.

तिथून माझं खोटं सुरू झालं. घरी चहा कोण मांडतं, तर मी म्हटलं, नणंद. म्हणजे मी लग्न झालेली ठरले. किती कप? सात. दूध आधी टाकते की मागून? आधी. पहिला कप कोणाला? सासऱ्यांना. चौथ्या दिवशी गेले तर पुन्हा तेच. मी गडबडले आणि म्हटलं, मोठी जाऊ.

"मांगच्या खेपेले नणंद होती," पट्टीवर पाणी सोडत ती म्हणाली.

"नणंद सासरी गेली."

"चार दिवसात? बरं झालं बाई, सुटली."

माझा संशय पक्का झाला. ही हिशेब ठेवते आहे. कपांवरून माणसं मोजते, दुधावरून घरची ऐपत काढते आणि रविवारी कारंज्याला जाऊन सगळं ओतून येते. हातावरची पट्टी कधी सुटली हे मला कळलंही नव्हतं, पण त्याचा विचार करण्याइतकी अक्कल मला नव्हती. मी फक्त पुढच्या खेपेला कोणतं खोटं सांगायचं ते पाठ करत होते. तोपर्यंत माझ्या त्या खोट्या सासरी अकरा माणसं आणि दोन म्हशी झाल्या होत्या.

उपासाचंही तसंच. सोमवार म्हटला, चतुर्थी म्हटली, गुरुवार म्हटला. एकदा ती म्हणाली, "उपासाले चहा चालते ना?" मी म्हटलं, माझा निर्जळी आहे. मंगळवारी, माघ महिन्यात, कोणत्या देवाचा निर्जळी उपास, हे मला आजतागायत ठाऊक नाही. ती दर खेपेला कप भरून माझ्या हाताशी ठेवायची, तो निवायचा, आणि माझं आटोपलं की उभ्यानं स्वतः पिऊन टाकायची.

सुई टोचली तरी कडेची कातडी जागीच असायची. मीठ लागलं की डोळ्यांपुढे काजवे. मी दात आवळून बसायची. ते तिला आवडायचं नाही. "दुखते तं दुखते म्हन. मुकी बसशीन तं मले कसं समजन?" आणि मग तिचा ठरलेला मंतर: "चूल पेटवून राह्यली समज. पऱ्हाटी ओली हाय. फुक. हयू नाई, लांब फुक." पावसात भिजलेल्या कपाशीच्या काड्या पेटवायला कशी छातीतून फुंकर घालावी लागते, ते आमच्याकडच्या कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. मी फुंकायची. डॉक्टर घासायचे. त्या खोलीत रोज किती चुली पेटत असतील देव जाणे.

कारंज्याच्या रस्त्यावरचा एक ट्रक ड्रायव्हर माझ्या आधी बसायचा. पिळदार मिशा, दंडावर दोन बायांची नावं एकाखाली एक. बाई त्याला म्हणाली, "दोन्ही काढाचे का एकच?" तो म्हणाला, "खालचं." "वरची घरी हाय का?" "नाई. घरची तिसरीच हाय." "मंग वरचं काऊन ठेवतं?" ड्रायव्हर विचारात पडला, आणि तो विचारात पडलेला असताना तिनं त्याची अख्खी पट्टी काढली. नंतर मीठ लागलं तेव्हा त्या माणसानं फुंकरीत असा सूर लावला की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून घरी गेले. मी तोंडाला पदर लावून हसत होते. माझा नंबर त्याच्यानंतर होता हे विसरून.

दुसरं अक्षर घासायच्या दिवशी मी खरोखरच काही खाऊन आले नव्हते. भीतीनं घास उतरला नव्हता. मीठ लागलं, मी दोन फुंकरी घातल्या आणि स्टुलावरून सरकले. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि ती टेबलाच्या खणातला पत्र्याचा डबा काढत होती. त्यातून तिनं कागदावर थोडी साखर ओतली. हातात घेतली नाही, कागदासकट माझ्यापुढे धरली.

"खाय. सुकी हाय. पानी नाई लागलं हिले."

मी खाल्ली. निर्जळी उपासाला साखर चालते का, हे तिनं विचारलं नाही. मला मात्र वाटलं, बघा, बाईला उपासाचे नियम कसे पाठ आहेत. एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, सुक्याला विटाळ नाही हे घरी ऐकत वाढलेली, आणि डोक्यात हे.

त्याच दिवशी तिचा हात मला पहिल्यांदा नीट, जवळून दिसला. कोपराखाली तळव्याएवढा पट्टा, कातडी गुळगुळीत, चकाकणारी, भिजून वाळलेल्या कागदासारखी. मला लगेच संशय आला, हिलाच कातडीचा रोग असेल तर? मी हात मागे घेतला. तिनं ते पाहिलं.

"रोग नोय. गोंदन होतं. मायनं लहानपनी टोचवलं होतं, जुन्या देवाचं. छप्पन साली आमी दीक्षा घेतली. माय म्हने, असू दे आता, कोन पाह्यते. मी म्हटलं, मी पाह्यतो ना रोज. इटकरीनं घासलं. वरून मीठ."

"सुई न देता?"

"सुई कोन देते? घराच्या मांगं बसून घासलं."

"मग हात कोणी धरला?"

"कोनं नाई," ती म्हणाली. "म्हनून तं तुमचे धरून राह्यली."

एवढं ऐकूनही मी घरी जाऊन मावशीला काय सांगितलं? सांगितलं, ती स्वतःचं सांगून माझ्याकडून काढून घ्यायला बघते आहे. मावशी म्हणाली, सांभाळून राह्यजो.

आता तिसऱ्या अक्षराचा दिवस. फाल्गुन संपत आला होता. पहिल्या दोन अक्षरांच्या जागी गुलाबी कातडी धरली होती, तिसरं अजून हिरवंगार. पट्टी सोडून हात टेबलावर उघडा पडलेला, शेजारी चहाचा कप वाफाळत, डॉक्टर यायचे होते. आणि दारातून आवाज आला.

"अवं बाई, हाय का तू?"

तो आवाज मी साक्षगंधाला ऐकला होता. माझी होणारी सासू, टाचेच्या भेगा पिकल्या म्हणून कारंज्याहून एसटीनं आलेली, आपल्या गावची बाई दवाखान्यात आहे म्हणून नंबर न लावता सरळ आत शिरली होती. मला पळायला जागा नव्हती. ड्रेसरबाईनं हातातला अख्खा ओला गॉज माझ्या हातावर टाकला, कोपरापर्यंत.

"अगं, हे तं आमची सून," सासूबाई म्हणाल्या. "काय झालं इच्या हाताले?"

मी तोंड उघडलं. अकरा माणसांचं खोटं सासर उभं करणारी मी, आणि आता एक शब्द सुचेना.

"तुमची सून व्हय, पाटलीनबाई? मले काय मालूम," ड्रेसरबाई म्हणाली. "माह्याच हातून चहा सांडला इच्यावर. मांगं आल्ती मावशीसंगं. कप देत होती मी, केटलीची दांडी निसटली."

"तू आन् चहा सांडवते?"

"सांडला खरा."

मी मनात म्हटलं, संपलं. हातावरचं झाकलं, पण आता मी हिच्या हातचा चहा पिते हे उघड झालं. एका विहिरीतून काढून मला दुसरीत टाकली. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. ड्रेसरबाईसुद्धा पाहत होती, आणि पहिल्यांदाच काही विचारत नव्हती. चहा घेत होते हे खरं दाखवायचं तर एकच मार्ग होता. मी उजव्या हातानं कप उचलला आणि प्याले. आधी घोटभर, मग सगळा. गोड होता, आलं घातलेलं होतं. दीड महिना दर खेपेला निवत ठेवला होता मी तो.

सासूबाई बाकावर बसल्या आणि टाच पुढे करून म्हणाल्या, "आन् मले? का आता सुनालेच पाजशीन? माह्या आपरेशनच्या वक्ती नऊ दिवस तुह्या हातचं पानी पेली मी. तवाची सवय हाय." कप घेतला, फुरका मारला. "साखर कमी हाय."

त्यांची टाच बांधून झाली, त्या एसटी गाठायला निघून गेल्या. बाई माझ्याकडे वळली. "आज उपास नोता वाटते."

"नव्हता," मी म्हटलं. पुढचं वाक्य म्हणायला हवं होतं. ते जिभेवर होतं. मी त्याऐवजी विचारलं, "मी कोण, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पह्यल्या दिवसापासून. केसपेपरवर नाव हाय, गाव हाय. कारंज्याची हाव मी, तिथल्या साक्षगंधाची खबर मले नाई?"

"मग मी एवढं खोटं सांगत होते, ते ऐकून का घेत होता?"

"खरं सांगनारे लवकर बोंबलते," ती म्हणाली. "खोटं सांगाले डोकं लागते. डोकं तिकडं गेलं का हात इकडं मोकया. तुह्या त्या म्हशीनं तं माहं अर्धं काम केलं."

आणि टकटक. डॉक्टर आले होते. तिसरं अक्षर.

लग्न झालं. चहा सांडल्याची गोष्ट सासरी सगळ्यांना ठाऊक होती, कुणी हात उलटून पाहिला नाही. ड्रेसरबाई कारंज्याला सणासुदीला यायची, लांबून दिसायची, हात वर करायची. मी डोक्यावरचा पदर सारखा करायची. घरात सात-आठ माणसं, बगीच्याचं काम, मग पोरं. ते जिभेवरचं वाक्य तिथेच राहिलं.

पुढे पंच्याऐंशीच्या सुमारास शेजारी टीव्ही आला. रविवारच्या सिनेमाला अर्धी गल्ली त्यांच्या अंगणात. एका रविवारी पडद्यावर तोच आला, माझा नट, आता पोट सुटलेला. डावखुरा नव्हता. सासूबाई माझ्या पुढे बसल्या होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "दिसाले बरा हाय. पन चहानं भाजलेलं तसं नसते, पोरी."

सात वर्षांनी तोच जुना संशय असा उसळून आला की मला सिनेमा दिसेना. सांगितलंच तर शेवटी. घरी येताना मी विचारलं, "त्या बाईनं सांगितलं का?"

"ते कायची सांगते? दोनदा खोदून इचारलं मी तिले. केटलीच्या दांडीच्या पुढं सरकली नाई." सासूबाई उंबऱ्यावर टेकल्या. "मी डोयानं पाह्यलं. तिनं कापड टाकलं, पन एक अक्षर दिसलं मले. आन् आज याचा पिच्चर लागला तं तू चुलीवरचं दूध टाकून पयाली. दोन आन् दोन मोजाले शाया लागते का?"

"मग बोलला नाहीत?"

"तुह्या गावचा पोस्टमन असता तं बोलली असती."

दुसऱ्या दिवशी मी थर्मास भरून चहा केला. आलं घालून, साखर जास्त. पहिल्या एसटीनं वर्धा, तिथून दवाखाना. वाटेत ते वाक्य म्हणत गेले. बाई, माझा एकही दिवस उपास नव्हता.

खोली तीच होती. स्टूल तेच, मधोमध झिजलेलं. टेबलाशी एक चाळिशीची सिस्टर पट्ट्यांचे रोल करत होती. "त्या? रिटायर झाल्या ना, दोन महिने झाले. लेकीकडे गेल्या, चंद्रपूरकडे कुठंतरी. पत्ता नाही बाई माझ्याकडे."

मी स्टुलावर बसले. थर्मास मांडीवर. सिस्टरला वाटलं, मला उन्हाचा त्रास झाला. ती खणात वाकली आणि तोच पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"घ्या थोडी. त्याच भरून ठेवून गेल्या. म्हणाल्या, काही पेशंटले उपास असते, इचारू नोको, ही सुकी साखर देजो." ती हसली. "आता उपासाचं काही मला समजत नाही. पण मी देते."

मी झाकण काढलं. डबा अर्ध्याहून जास्त रिकामा होता.